भिशीच्या वहीतला रिकामा चौकोन

नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरी आईची भिशी गेली ११ वर्षं चालू आहे. १२ बायका, महिन्याला प्रत्येकीचे २,००० रुपये, म्हणजे जिची चिठ्ठी निघेल तिच्या हातात २४,०००. हिशेब एका दोनशे पानी वहीत. डावीकडे नावं, वर महिने. पैसे आले की चौकोनात निळी खूण आणि जिनं भिशी उचलली तिच्या नावाभोवती लाल गोल. बस, एवढंच. ना पावती, ना सही.

मागच्या वर्षी जूनमध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वही महिनाभर माझ्याकडे आली. मी पहिल्या नावापासून एकेक चौकोन तपासत बसले. आई डोळ्यावर हिरवी पट्टी लावून खाटेवर पडली होती. पानं उलटल्याचा आवाज ऐकून म्हणाली, "सगळं काय पाहून राहिली वो? ज्यायनं उचलली त्यायचे हप्ते पाय. अन् ज्यायचे हप्ते नाही आले, त्यायनं उचलली का ते पाय. बाकीच्यायले हात नको लावू."

माझी आई आठवी शिकलेली. तिनं झोपल्याझोपल्या जे सांगितलं, तेच कोडं वेगळ्या वेषात समोर ठेवलं तर विद्यापीठातली हुशार मुलं चुकतात. मानसशास्त्रात या कोड्यावर पन्नासहून जास्त वर्षं संशोधन चालू आहे, आणि त्यातून माणसाच्या डोक्याबद्दल एक फार मोलाची गोष्ट हाती लागली आहे.

कोडं आहे लंडनच्या पीटर वेसन यांचं, १९६६ सालचं. मी ते मराठी अक्षरांत मांडते. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. तुम्हाला वरची बाजू दिसते: अ, क, ४, ७. नियम असा सांगितलाय की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम मोडलाय का हे बघायला कमीत कमी कोणते पत्ते उलटावे लागतील?

क्षणभर थांबून स्वतः करून बघा. बहुतेक जण म्हणतात 'अ आणि ४', किंवा नुसता 'अ'. बरोबर उत्तर आहे अ आणि ७. ४ उलटून काही उपयोग नाही, कारण त्याच्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही. सम संख्येमागे स्वरच असावा असं कुणी म्हटलेलंच नाही. पण ७ च्या मागे स्वर निघाला तर नियम तिथंच मोडला. शंभरातले दहा जणसुद्धा हे उत्तर धड देत नाहीत. मीही पहिल्यांदा ४ च उलटला होता.

आता भिशीकडे या. नियम: जिनं भिशी उचलली तिनं हप्ते भरलेच पाहिजेत. चार बायका आहेत. एकीनं उचलली आहे, एकीची अजून लागायची आहे, एकीचा हप्ता आलाय, एकीचा आलेला नाही. कुणाचं खातं बघायचं? जिनं उचलली तिचं, आणि जिचा हप्ता आला नाही तिचं. जिची लागायचीच आहे, तिनं एखादा महिना टाळला तरी तिचेच पैसे आत अडकलेत, ती कुठं जाणार? आणि जिचा हप्ता आलाय, तिच्याकडं बघायचंच कशाला? हे सांगायला कुणाला कागद-पेन्सिल लागत नाही. गणिताच्या हिशेबानं दोन्ही कोडी एकच आहेत, अ म्हणजे 'उचलली' आणि ७ म्हणजे 'भरला नाही'. मग एक डोकं खाणारं आणि दुसरं इतकं सोपं का?

पहिला अंदाज असा की सवयीचं आहे म्हणून. १९८२ मध्ये ग्रिग्स आणि कॉक्स यांनी अमेरिकेत फ्लोरिडाच्या विद्यार्थ्यांना बिअरचं कोडं दिलं. बिअर पिणाऱ्याचं वय १९ च्या वर असलं पाहिजे, हा तेव्हाचा तिथला खराच नियम. पत्त्यांवर बिअर, कोक, २२ वर्षं, १६ वर्षं. ४० पैकी २९ जणांनी बरोबर पत्ते उचलले: बिअर पिणारा आणि १६ वर्षांचा. पण पोरांना हा नियम रोजचाच होता, तेव्हा सवयीचा मुद्दा निकालात निघाला नाही.

तो निघाला लीडा कॉस्मिडिस या संशोधक बाईंमुळे. १९८९ मध्ये त्यांनी मुद्दाम असे नियम घेतले जे हार्वर्डच्या पोरांनी जन्मात ऐकले नव्हते. एका काल्पनिक बेटावर कसावा नावाचा कंद (आपला साबुदाणा ज्यापासून होतो तोच) फार दुर्मिळ आणि मानाचा. वडीलधाऱ्यांचा नियम असा की जो पुरुष कसावा खाईल त्याच्या चेहऱ्यावर गोंदण असलंच पाहिजे. गोंदण म्हणजे लग्न झाल्याची खूण. चौघांतल्या साधारण तिघांनी बरोबर उत्तर दिलं. मग त्याच वाक्याभोवतीची गोष्ट बदलली: कसावा काही मानाचा नाही, गोंदणवाले ज्या भागात राहतात तिथं तो उगवतो, एवढंच. आता नियम नुसती माहिती झाला, आणि बरोबर उत्तरं धाडकन खाली आली. शब्द तेच, पत्ते तेच. फक्त 'कुणी फुकटात फायदा लाटू शकतो' ही शक्यता काढून घेतली होती.

याच्या पुढचा प्रयोग मला सगळ्यात जास्त आवडतो. कॉस्मिडिस यांनी नियम उलटा केला: ज्याच्या चेहऱ्यावर गोंदण आहे, तो कसावा खाईल. आता तर्कानं उलटायचे पत्ते बदलतात. तरीही लोकांनी उलटले तेच: कसावा खाणारा, आणि गोंदण नसलेला. तर्कशास्त्राच्या पेपरात हे उत्तर चूक. पण बेटाचा पहारेकरी म्हणून अगदी बरोबर. म्हणजे डोकं 'नियम मोडला का' हे शोधतच नव्हतं. ते शोधत होतं, 'घेतलं कुणी आणि दिलं नाही कुणी'.

आणि हा शोध तुम्ही कुठं उभे आहात त्यावरही फिरतो. गिगरेन्झर आणि हग यांनी १९९२ मध्ये हे दाखवलं. आपण ते सीताबर्डीच्या एखाद्या कापड दुकानात नेऊन बघू. नियम: सुट्टीच्या दिवशी कामावर आलात तर आठवड्यात एक दिवस रजा मिळेल. दुकानात काम करणाऱ्या पोराच्या जागी स्वतःला ठेवा. तुमची नजर जाईल रविवारी राबलेल्याकडे आणि रजा न मिळालेल्याकडे, कारण त्याला मालक फसवू शकतो. आता गल्ल्यावर मालक म्हणून बसा. नजर लगेच वळेल रजा घेणाऱ्याकडे आणि रविवारी न आलेल्याकडे. नियमात काना-मात्रेचा फरक नाही, पण दोघांनी उलटलेले पत्ते पूर्ण वेगळे. घरात मोलकरीण आणि मालकीण यांचे खाड्यांचे हिशेब का जुळत नाहीत, हे मला या प्रयोगानंतर उमगलं. दोघी खोटं बोलत नसतात. दोघी वेगवेगळे पत्ते उलटत असतात.

डोक्याला ही खोड लागली कशी? जीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये याचं गणित मांडलं. आज मी तुझ्या अडचणीला धावतो, उद्या तू माझ्या, ही देवाणघेवाण दोघांच्या फायद्याची. पण घेऊन विसरणारा त्याहून जास्त फायद्यात. असे विसरणारे ओळखता आले नाहीत तर मदत करणारे बुडतात आणि सगळी रीतच मोडून पडते. कोस्टारिकातल्या रक्त पिणाऱ्या वटवाघळांचा जेराल्ड विल्किन्सन यांनी अभ्यास केला, तो १९८४ मध्ये छापून आला. लागोपाठ दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर ते वटवाघूळ मरतं, म्हणून पोट भरलेलं दुसऱ्याला आपल्या पोटातलं रक्त काढून देतं, पण सरसकट सगळ्यांना नाही. नात्यातल्यांना आणि नेहमी सोबत राहणाऱ्यांना. आपण तर त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांशी कितीतरी गुंतागुंतीचे व्यवहार करतो.

म्हणून कॉस्मिडिस आणि जॉन टूबी यांचं म्हणणं असं की फसवणारा हुडकण्याची एक खास यंत्रणाच माणसाच्या मेंदूत घडली आहे. त्यांच्या बाजूचे दोन पुरावे वजनदार आहेत. एक, इक्वेडोरच्या अ‍ॅमेझॉन जंगलातले शिवियार लोक. शिकार आणि थोडी शेती करून जगणाऱ्या या लोकांनी फसवणारे पत्ते हार्वर्डच्या मुलांइतकेच अचूक ओळखले (सुगियामा आणि सहकारी, २००२). दुसरा पुरावा एका माणसाचा. सायकल अपघातात त्याच्या मेंदूच्या पुढच्या आणि आतल्या भागाला इजा झाली होती. 'धोक्याचं काम करताना काळजी घे' अशा नियमांत तो ७० टक्के बरोबर, पण 'फायदा घेतलास तर मोल दे' अशा नियमांत फक्त ३९ टक्के. कोड्याचा साचा तोच. एक कप्पा बिघडला, शेजारचा शाबूत राहिला.

सगळ्यांना हे पटलेलं नाही, हेही सांगायला हवं. चेंग आणि होलिओक यांनी १९८५ मध्येच म्हटलं होतं की परवानगी आणि बंधन यांचे साधारण साचे आपण अनुभवातून शिकतो, त्यासाठी वेगळी यंत्रणा मानायचं कारण नाही. स्पर्बर आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवलं की गोष्ट नीट रचली, कोणता पत्ता महत्त्वाचा हे संदर्भातून जाणवू दिलं, तर फसवणुकीचा विषय नसतानाही लोक कोडं सोडवतात. यंत्रणा जन्मजात की कमावलेली, हा वाद अजून जिवंत आहे. मला त्या वादापेक्षा दुसऱ्या एका निष्कर्षात जास्त जीव आहे, पण त्यासाठी वहीकडे परत यावं लागेल.

आईनं सांगितल्याप्रमाणे मी पाहिलं तेव्हा एकच नाव हाती लागलं. शिलाईवाल्या काकू. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, ब्लाउज शिवतात, माझ्या लग्नातलेही त्यांनीच शिवले. एप्रिलमध्ये त्यांची चिठ्ठी निघाली होती, नावाभोवती लाल गोल. मे रिकामा. जूनही रिकामा.

माझ्या छातीत जे झालं ते मला अजून आठवतं. राग नव्हे, राग नंतर आला. आधी आली एक प्रकारची खात्री. सापडलं! पैसे द्यायला आलेल्या दोघींना मी विचारलं, तर एक म्हणाली, "ते तं उचलून मोकळी झाली ना बाई." दुसरी म्हणाली, "फोनबी नाही उचलून राहिली. मले तं तवाच वाटलं होतं." मी भिशीच्या ग्रुपवर टाकायला मेसेज लिहिलासुद्धा. आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "थांब. आधी घरी जाऊन ये."

मी गेले. दार अर्धवट उघडं. शिलाई मशीनवर जुनी चादर टाकलेली, आणि चादरीवर धुळीची साय. काका दीड महिन्यापासून दवाखान्यात. एका मुलीला शेजारी ठेवून काकू रोज डबा घेऊन जात होत्या. मला पाहिल्याबरोबर त्या उभ्या राहिल्या आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "मले माहीत हाय बेटा तू काऊन आली ते." फोन का उचलत नव्हत्या तेही त्यांनीच सांगितलं. लाज वाटत होती.

वहीत मात्र चौकोन रिकामाच होता. ठगाचा रिकामा चौकोन आणि अडलेल्याचा रिकामा चौकोन कागदावर सारखाच दिसतो.

तो निष्कर्ष इथेच कामाला येतो. २०१० मध्ये कॉस्मिडिस, क्लार्क बॅरेट आणि टूबी यांनी कोड्याचे धागे एकेक करून सोडवून पाहिले. नियम मोडणाऱ्याला त्यातून काही लाभच होणार नसेल तर? नियम मुद्दाम नव्हे, चुकून मोडला जाणार असेल तर? मोडण्याची सोयच नसेल तर? प्रत्येक धागा काढला तशी बरोबर उत्तरं घटत गेली. फायदा, हेतू आणि संधी एकत्र आले की मगच डोकं पुरतं जागं होतं. म्हणजे आपल्यातली ही नजर चुकलेल्यांना धरण्यासाठी नाहीच. ती आहे मुद्दाम लाटणाऱ्यांसाठी. तिला हेतू हवा असतो.

मग मी काकूंना ठग का ठरवलं? मला वाटतं, हेतू दिसत नाही म्हणून. लाल गोल दिसतो, रिकामा चौकोन दिसतो, आणि मधली जागा आपण आपल्या मनानं भरतो. "मी माणूस चेहऱ्यावरून ओळखतो" असं म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये खरं-खोटं ओळखण्याचे कितीतरी प्रयोग एकत्र करून पाहिले. माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवलं तर ५० टक्के. कुणाचं खातं बघायचं यात आपण तरबेज आहोत, पण त्या खात्यामागचं मन वाचण्यात जवळजवळ आंधळे. एक हुशारी आहे म्हणून दुसरीही आहे असं आपण धरून चालतो, आणि बरीच नाती तिथंच तुटतात.

त्यात शिक्षा करायची आपल्याला भारी ओढ. फेर आणि गेख्टर यांचा २००२ चा प्रयोग घ्या. चार-चार जणांचे गट, प्रत्येकाला २० नाणी. सामायिक डब्यात एक नाणं टाकलं की चौघांनाही ०.४ मिळतात, म्हणजे सगळ्यांनी टाकलं तर सगळ्यांचं भलं, पण स्वतः न टाकता दुसऱ्यांच्या जिवावर बसणारा सर्वांत फायद्यात. दर फेरीला गट बदलायचे, तीच माणसं पुन्हा भेटायची नाहीत. काही फेऱ्यांतच लोक हात आखडायला लागले. मग शिक्षेची सोय दिली: तुम्ही तुमचं एक नाणं खर्च करा, समोरच्याची तीन जातील. ज्याला शिक्षा करतोय तो पुन्हा भेटणार नाही, स्वतःला त्यातून दमडी मिळणार नाही, तरी पाचांतल्या चारांहून जास्त लोकांनी एकदा तरी पैसे मोजून शिक्षा केली. आणि डबा भरायला लागला. फुकट्यांचा राग येतो म्हणून समाज चालतो, हे अर्धं खरं आहेच.

उरलेलं अर्धं मी लहानपणी पाहिलंय. आमच्या आधीच्या भाड्याच्या घराचा नळ गल्लीतला शेवटचा. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या आसपास, घरोघरी कूलर, आणि कूलरची टाकी म्हणजे तहानलेला हत्ती. सकाळी नळ आले की आमच्याकडे करंगळीएवढी धार. पण कधी सकाळीच लाइट गेली की तीच धार मनगटाएवढी जाड व्हायची! पाण्याला विजेशी काय देणंघेणं? आजीनं पहिल्याच दिवशी ओळखलं: कुणीतरी नळाला थेट टुल्लू पंप लावलाय. महापालिका असे पंप जप्त करते, तरी लोक लावतात. आजीनं रात्री मोऱ्या तपासल्या नाहीत की भांडण काढलं नाही. ज्यांच्या गच्चीवरची टाकी रोज ओसंडून वाहते अशी दोनच घरं होती, तिनं तेवढीच लक्षात ठेवली. अ आणि ७.

पहिल्यांदा ती एकटी गेली, चहा पिऊन आली, बोलता बोलता म्हणाली की आमच्याकडे बाप्पा पाणीच येत नाही. आठ दिवसांनी तीन बायका गेल्या आणि पंपाचं नाव घेतलं. महिन्यानं गल्लीतले पुरुष गेले आणि तक्रार करू म्हणाले. त्या संध्याकाळी पंप निघाला. पोळ्याला त्याच घरून आमच्याकडे पुरणपोळी आली.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली पाणी, कुरणं, मासेमारी अशी सामायिक साधनं अभ्यासून १९९० मध्ये जे मांडलं, त्यात आजीची ही चाल जशीच्या तशी सापडते. पुढे २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. जिथं सामायिक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली तिथं त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. लक्ष ठेवणारे त्याच वापरणाऱ्यांतले असतात. आणि शिक्षा पायरीपायरीनं वाढते, पहिल्या चुकीला अगदी हलकी. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या पाटपाण्यावर पुढच्या पाळीचा शेतकरी आपल्या शेताच्या पाटाच्या दारापाशी येऊन थांबतो, आधीचा जास्त वेळ पाणी ओढत नाही ना हे आपसूक बघितलं जातं. चुकणाऱ्याला दंड होतो, पण छोटा. पहिली शिक्षा हलकी ठेवली की ठगाला कळतं आपण दिसलोय, आणि अडलेल्याला सांगायला जागा मिळते. हलकी शिक्षा म्हणजे खरं तर एक प्रश्न असतो: काय झालं? तिचं उत्तर आल्यावर दोन रिकामे चौकोन वेगळे दिसायला लागतात. पहिल्याच फटक्यात नाव ग्रुपवर टाकलं असतं, तर काकूंकडून मला काहीच कळलं नसतं.

मेसेज मी पुसला. आईची पट्टी निघाली, वही परत तिच्याकडे गेली. जूनची चिठ्ठी जिची निघाली होती तिला कमी पडलेले २,००० आईनं आपल्या जवळचे घातले, आणि बायकांना एवढंच सांगितलं की काकूंच्या घरी दुखणं आहे, पैसे येतील. जिनं "उचलून मोकळी झाली" म्हटलं होतं ती दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डबा घेऊन गेली.

काका ऑगस्टमध्ये घरी आले. काकू चालू महिन्याचे २,००० आणि वर ५०० आणून देऊ लागल्या. आईनं मेच्या चौकोनात पेन्सिलनं बारीक ५०० लिहिलं, पुढच्या महिन्यात त्याखाली आणखी ५००. असे चार झाले की ती सगळं खोडते आणि निळी खूण करते. परवा वही चाळली तेव्हा जूनच्या चौकोनात तीन ५०० मावले होते. मेच्या चौकोनात कागद खोडून खोडून पातळ झालाय, उजेडाकडे धरला तर मागच्या पानावरची नावं दिसतात.